पिंपातली मायलेकरं

सडका कांदा हातात फुटला की मला दोन डोकी आठवतात. श्रावणात लोकांना काय काय आठवतं! कुणाला झोके, कुणाला मेंदी, कुणाला पुरणाची दिंडं. मला आठवतात डॉल्फिनची दोन कुजलेली डोकी, आणि पोटात जे ढवळायला लागतं ते दुपारच्या जेवणाची वासना घालवूनच थांबतं. ज्याचा त्याचा श्रावण!

निमोण्याला भावाची कांद्याची चाळ आहे. चाळ म्हणजे लांबट, जाळीच्या भिंतींची, जमिनीपासून जरा उचललेली शेड. उन्हाळ्यात काढलेला कांदा तिच्यात भरायचा आणि भाव बघून बाहेर काढायचा. भाव येवो न येवो, श्रावणातली दमट हवा मात्र न चुकता येते आणि खालच्या थरातला कांदा पाणी सोडतो. पिवळट, चिकट पाणी. त्याचा वास नाकात रेंगाळत नाही, थेट घशात जाऊन बसतो. मग घरच्या बायका निवडायला बसतात, चांगला इकडं, सडका तिकडं. मी केडगावला असते, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते, तरी दर वर्षी एखादा रविवार वहिनीच्या मदतीला जाते. यंदाही गेले. वरून टणटणीत दिसणारा कांदा उचलला आणि बोटं आतच गेली. ईऽऽ! मी हात झटकत उठले.

वहिनी हसायला लागली. "वन्सं, एवढ्या शिकल्या तुम्ही, पर ह्या वासाला अजून भ्येताच."

भीती कसली डोंबलाची! किळस येते. आणि ती वासाची नाही, हे वहिनीला एवढ्या वर्षांत सांगायचं राहून गेलंय. ती ह्या घरात यायच्या आधीची गोष्ट. ह्याच चाळीमागं, बाभळीखाली, जिथं ती आता सडक्या कांद्याच्या पाट्या ओतते, तिथं माझं पिंप होतं.

तेव्हा मी पुण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. नव्वदचं दशक संपत आलेलं, रांजणगावात एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पलीकडं गेलेलं नव्हतं. आम्ही मूळचे मेंढरांमागं हिंडणारे. आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, शेवटचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, मोडला, मेंढरं विकली, विहीर पाडली आणि कांदा लावला. त्या आप्पांची पुतणी पुण्यात जाऊन देवमाशांच्या कवट्या मोजणार होती. ऐकणाऱ्याला हसू येईल. आप्पांना नव्हतं येत. ते गावभर सांगत फिरायचे, "आमची पोरगी समुद्रातली मेंढरं वळतीया."

आमच्या सरांचा विषय असा: देवमाशांतल्या दात असलेल्या मंडळींमध्ये, म्हणजे डॉल्फिन, पॉरपॉइज, स्पर्म व्हेल वगैरेंमध्ये, नराची कवटी आणि मादीची कवटी वेगळी ओळखू येते का? छान विषय आहे, आजही माझा जीव आहे त्याच्यावर. स्पर्म व्हेलचा नर मादीपेक्षा केवढा तरी मोठा, डोकं तर बघायलाच नको. काही जातींत नरालाच ठळक सुळे फुटतात आणि जबड्याचं हाड भरून येतं, कारण ते एकमेकांशी भांडतात. पण सगळीकडं असं नाही ना! गंगेतल्या डॉल्फिनची, म्हणजे सुसूची, मादी नराहून थोर, तिची चोच लांब. पॉरपॉइजच्या काही जातींतही मादीच दांडगी, आणि नराची कवटी मोठेपणीसुद्धा पोरसवदा राहिलेली. आणि आपल्या किनाऱ्यावरच्या डॉल्फिनमध्ये फरक इतका थोडा की भरपूर कवट्या शेजारी मांडून मोजल्याशिवाय कुणी छातीठोक बोलू नये. निसर्गानं कुठंच लिहून दिलेलं नाही की मोठं ते नराचं. हे लिहिणारे वेगळे असतात.

एका श्रावणात सरांना कोकणातून फोन आला की दोन डॉल्फिन वाहून आलेत. सरांना नेमकी पाठदुखी आठवली. "तू जा," म्हणाले, "फॉरेस्टची परवानगी काढून ठेवलीये. डोकी तेवढी घेऊन ये." जसं काही मंडईतून दोन नारळ आण! माझा चुलतभाऊ बाळू टेंपोनं कांदा घेऊन कोकणात जायचा आणि रिकामा परत यायचा. त्याच्याच टेंपोत, गोण्यांना टेकून, मी गेले.

वाळूवर एक मोठी होती आणि तिच्या अंगाला लागून एक लहान. मोठीच्या पोटाखाली एक लांबट खाच आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारक्या खाचा, ही मादीची खूण. पुस्तकात पाहिलेली, डोळ्यांनी पहिल्यांदाच. त्या बारक्या खाचेशेजारी मी बोटानं दाबलं आणि दूध आलं. घट्ट, पिवळसर, चिकासारखं. मेलेल्या आईला दूध! लहान तो नर, अर्धवट वाढलेला, पीत असणारा. बाळू माझ्या मागं नाक धरून उभा होता. "आगं सोड ना ते, हात धू आधी," म्हणाला. मी समुद्रात हात धुतले, वाळूनं घासले, आणि तरी बाळूनं पुढं केलेला वडापाव मला खाववला नाही.

डोकी तोडायचं काम एका म्हाताऱ्या कोळ्यानं केलं, तोंड फिरवून. धडं तिथंच वाळूत पुरली. डोकी मिठाच्या पोत्यात घालून बाळूच्या टेंपोत, जिथं सकाळी कांदा होता तिथं. घाटात चहाला थांबलो तर हॉटेलवाला काठी घेऊन बाहेर आला. "शी शी शी! काय भरलंय रे गाडीत? घे पुढं!" बाळूनं गाडी पुढं घेतली आणि मग निमोण्यापर्यंत कुठंच थांबवली नाही.

डोकी कॉलेजात ठेवायला प्राचार्यांनी नाही म्हटलं, दिवाळीआधी तपासणीची कमिटी यायची होती. सर म्हणाले, "तुमचं शेत आहे ना?" शहरातल्या माणसाला शेत म्हणजे घाण टाकायची जागाच वाटते. पण मी हो म्हणाले. त्या दोघांना मी पाहिलं होतं, हात लावला होता. आता त्यांचं काय होतंय ते माझ्या डोळ्यांदेखत व्हावं असं वाटत होतं.

पुस्तकात एका ओळीत दिलेलं असतं: डोकं पाण्यात बुडवून ठेवावं, मांस कुजून आपोआप सुटतं, हाडाला धक्का लागत नाही. एक ओळ! त्या ओळीत माश्या नाहीत, अळ्या नाहीत, पाण्यावर येणारी राखाडी साय नाही. कंपन्यांच्या भंगारातली निळी प्लॅस्टिकची पिंपं आमच्याकडं घरोघर असतात, तसली दोन मी बाभळीखाली मांडली. झाकणावर दगड ठेवला तरी वास यायचाच. तो केसात यायचा, उशीत यायचा, गरम भाकरी मोडली की भाकरीतून यायचा. मी कडुलिंबाच्या पाल्यानं अंघोळ केली, शिकेकाई चोळली, काही म्हणून उपयोग नाही. पाणी बदलायला झाकण काढायचे तेव्हा तोंडात लवंग धरायचे. आजही मला मसालेभातातली लवंग चालत नाही.

फाट्यावर रांजणगावच्या शिफ्टची बस थांबायची. वारं तिकडं वळलं की पोरं रुमाल बांधून थांब्यापासून लांब जाऊन उभी राहायची. यूपीकडचा एक कामगार एकदा बांधापर्यंत आला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "दीदी, इसमें कोई आदमी तो नहीं है ना?" मी नाही म्हणाले. त्याचा विश्वास बसला नसावा, कारण त्यानंतर तो बसला पुढच्या थांब्यावर चढायला लागला.

आणि आई! आईनं पहिल्या दिवशीच पदर नाकाला लावून जो तोंडाचा पट्टा सुरू केला! "ए भवाने, लोकांच्या पोरी शिकून डाक्टरणी व्हत्यात, आन् तू मढी आणतीस व्हय घरात? कोण पाणी पिईल आपल्या घरचं?" मी ऐकून घ्यायचे. तिचं चुकत नव्हतं. मलाच सकाळी उठलं की ओकारी यायची.

एकदा मात्र तिनं विचारलं, "हाय तरी काय त्यात?" मी सांगितलं. वाळूवरचं सांगितलं, दुधाचंही सांगितलं. आई पदर तसाच नाकाशी धरून पिंपाजवळ आली.

"लेकरू संगंच व्हतं?"

"व्हय."

"पीत व्हतं?"

"व्हय गं."

"मग दोन पिंपं कशापायी मांडलीस? एकात ठिव की. मेल्यावर तरी कशाला तोडतीस त्यांना."

शास्त्राच्या दृष्टीनं दोन नमुने वेगळे ठेवायचे असतात. मी ते एकात ठेवले. मोठं पिंप घेतलं, खाली आईचं डोकं, वर लेकराचं. त्या दिवसापासून आईनं पिंपाला शिव्या देणं बंद केलं, मला द्यायची तेवढ्या चालू राहिल्या.

आप्पांना मात्र कसलीच शिसारी नव्हती. जन्मभर मेंढरांत काढलेला माणूस, मेलेली कोकरं ह्या हातांनी पुरलेली. कुत्री यायची म्हणून ते दिवसभर बाभळीखाली घोंगडं टाकून बसायचे. पाणी बदलताना दात सुटून खाली येत, ते वाहून जाऊ नयेत म्हणून मी चाळणीतून पाणी ओतायचे. आईची पिठाची चाळणी! हे आईला कळलं तेव्हा जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आप्पा ते दात वेचून तळहातावर घ्यायचे. मोठीचे दात झिजलेले, बोथट. लेकराचे अणकुचीदार, आणि मुळाशी अजून पोकळ. "नवं दात हाय," आप्पा म्हणायचे, "दुधाचं." दुधाचे नसतात ते, डॉल्फिनला एकदाच दात येतात, पण मी त्यांची चूक काढायचे नाही.

दसऱ्याच्या सुमाराला हाडं स्वच्छ निघाली. इतक्या घाणीतून इतकं पांढरं काही निघेल असं वाटलं नव्हतं. चेहऱ्याच्या जागी परातीसारखा खोलगट भाग, त्याच्या वर श्वासाची दोन भोकं, आणि सगळी कवटी किंचित डावीकडं कललेली. दातवाल्या देवमाशांची असतेच तशी. दोघांचीही सारखी कललेली. लेकराचं डोकं अंगाच्या मानानं मोठंच असतं, माणसात काय नि त्यांच्यात काय, त्यामुळं शेजारी ठेवल्यावर आई थोडी मोठी आणि लेक थोडा लहान, इतकाच फरक दिसत होता. फक्त लेकराच्या कवटीच्या शिवणी अजून जुळल्या नव्हत्या, बोटाला लागत होत्या.

मी कवट्या उन्हाला ठेवून पुण्याला परीक्षेला गेले. परत आले तर आईच्या कवटीवर, वरच्या बाजूला, तांबडा गेरू.

आमच्यात मेंढरांना गेरू लावतात. आपल्या कळपाचं मेंढरू दुसऱ्यात मिसळलं तर ओळखू यावं म्हणून लोकरीवर खूण करायची. आमच्या घरची रीत अशी की मेंढ्याला डोक्यावर आणि मेंढीला पाठीवर. दुधाचं मी आईला सांगितलेलं, आप्पांना नाही. मला कामाला सोपं जावं म्हणून त्यांनी कवट्या हातात घेऊन जोखल्या, मागच्या हाडाचा कंगोरा चाचपला आणि जन्मभराच्या सवयीनं निकाल दिला. माझी वाट बघत बसले होते, शाबासकीसाठी. "ह्यो मेंढा. जड हाय, मागचं हाड दांडगं हाय. टकरी घेतलेलं डोकं हाय ह्ये."

"आप्पा," मी म्हणाले, "ती आई आहे. मी दूध पाहिलंय."

आप्पांचा चेहरा उतरला. "आईला मेंढा केलं व्हय मी?" त्यांनी धोतराचा सोगा ओला केला आणि पुसायला लागले. पुसून गेरू जातोय थोडाच! हाडाला बारीक छिद्रं असतात, जितकं घासलं तितका आत गेला. शेवटी फिकट तांबूस डाग राहिला तो राहिलाच. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

सर जीपमधून कवट्या न्यायला आले. आमच्या अंगणात वाऱ्याची दिशा बघून उभे राहिले, नाकावर इस्त्रीचा रुमाल. आता वास उरलेलाच नव्हता! आईनं चहा आणला, तो त्यांनी कपात तसाच ठेवला. लांबूनच त्यांनी डाग पाहिला.

"हा लाल मार्क नराचा ना? व्हेरी गुड."

"नाही सर. ती मादी आहे. किनाऱ्यावर मी स्वतः पाहिलंय, दूध होतं."

"मग मार्क कुणी केला?"

आप्पा पुढं झाले. "म्या केला, सायेब."

"कशावरून?"

"मला मेंढा वाटला. पर ती माझी चूक हाय, सायेब. ती आई हाय, आन् ह्ये तिचं लेकरू."

सर हसले, रुमालाच्या आत. "बघ," मला म्हणाले, "अनुभवी माणसानंसुद्धा पाहताक्षणी नर म्हटलं. साईजही तेच सांगते. दंतधारी देवमाशांत नर मोठा. तुझी आठवण हा काही पुरावा नाही."

मी दात पुढं केले. पोकळ मुळं दाखवली, न जुळलेल्या शिवणी दाखवल्या. "सर, हे पिल्लू आहे. तुम्ही हात लावून बघा."

हात! सरांनी एक पाऊल मागं घेतलं. मग आवाज खाली आणून, समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, डिस्प्लेला जोडी लागते. आपला विषय नर-मादी. कमिटीला काय मायलेकरं दाखवू?"

त्या पावसाळ्यात मी अळ्या पाहिल्या होत्या, राखाडी साय हातानं काढली होती, कुजलेल्या जिभेचा लगदा बाभळीच्या मुळाशी पुरला होता. मला वाटलं होतं की ह्याहून घाण काही नसतं. सरांचा परीटघडीचा रुमाल बघताना कळलं की असतं. आप्पा हात जोडून परत म्हणाले, "सायेब, तेवढं नीट लिवा." सर म्हणाले, "हो हो, आप्पा," आणि जीप गेली.

कमिटी आली, खाली पितळी पाटी लावलेली नर-मादीची जोडी बघून खूश झाली म्हणे. पाटी बदला म्हणून मी प्राचार्यांना भेटले, ते म्हणाले, सरांना विचार. सरांना विचारलं, ते म्हणाले, दिवाळीनंतर बघू. एम.एस्सी. झाली, पुढं पीएच.डी.ला मी त्या सरांकडं गेले नाही, आणि दुसऱ्या कुणाकडं जायची सोय नव्हती. दर दिवाळीला निमोण्याला गेलं की आप्पा विचारायचे, "पाटी बदलली का गं?" शेवटी अंथरुणाला खिळले होते, माणसं ओळखत नव्हते, तरी मला बघून म्हणाले, "पोरी, त्या आईची पाटी?" मी म्हणाले, "बदलली, आप्पा." खोटं बोलले. ह्याचं मला काही वाटत नाही. वाटायला हवं ते दुसऱ्या कुणाला.

सडक्या कांद्याचं एक बरं असतं, तो आपण सडलोय हे लपवत नाही. हात लागला की फुटतो. काचेच्या कपाटात, दिव्याखाली, पितळी पाटीवर जे सडतं त्याला वासच येत नाही. लोक येतात, बघतात, वाचतात आणि जेवायला जातात.

यंदा निमोण्याहून परतल्यावर मी हट्टानं नववीच्या पोरींना घेऊन त्या कॉलेजचं संग्रहालय दाखवायला गेले. सर केव्हाच निवृत्त झालेत. पाटी तिथंच होती, नुकतीच ब्रासो लावून चकचकीत केलेली. मोठ्या कवटीखाली 'नर'. लहान कवटीखाली 'मादी'. मोठीच्या माथ्यावर आप्पांचा तांबूस डाग, आता इतका फिका की माहीत असणाऱ्यालाच दिसावा.

एक पोरगी काचेला नाक लावून बघत होती. "मॅडम, ह्यो नवरा आन् ही त्याची बायको ना?"

तोच वास, घशातला.

"नाही गं," मी म्हणाले. "हा नवरा नाही. ही आई आहे. ती मेली तेव्हा तिला दूध होतं, माझ्या ह्या बोटांना लागलंय. आणि शेजारची ही बायको नाही. तो तिचा मुलगा आहे, तिला पीत होता. ह्या लोकांनी त्यांचं लग्न लावून दिलंय."

काचेला नाक लावलेली पोरगी मागं सरली. मग एक पोरगी म्हणाली, "शीऽऽ!" आणि मग सगळ्याच. "शीऽऽऽ, मॅडम!"

ह्या दोन डोक्यांना आजवर ज्यानं त्यानं शी म्हटलं होतं. हॉटेलवाल्यानं, शिफ्टच्या पोरांनी, आईनं, रुमालातून सरांनी, मी स्वतः कितीदा. पण सगळ्यांनी वासाला म्हटलं होतं. पाटीला शी म्हणणाऱ्या ह्या पहिल्याच.

आवाज ऐकून शिपाई आतून धावत आला. "ओ मॅडम, पोरींना गप करा. आवाज करायचा नसतो इथं."

मी म्हणाले, "गप नाही करणार."